गोळी बंद झाल्याची कढई

माझ्या आतड्याचा दीड वीत तुकडा नागपुरात राहिला. सर्जनने तो कापून काढल्यावर रीतीप्रमाणे स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून माझ्या बायकोला दाखवला, आणि तेव्हापासून आमच्या घरी पडवळाची भाजी झालेली नाही. मला पडवळ कधीच आवडलं नव्हतं. ऑपरेशनचा हा पहिला फायदा, आणि बरेच दिवस तो एकमेवच होता.

आजाराचं नाव क्रोन्स. ते कळायलाच दोन वर्षं गेली. आपल्याकडे आतड्यात जखमा दिसल्या की आधी संशय टीबीवर जातो, तसा माझ्याही बाबतीत गेला. नऊ महिने मी टीबीच्या गोळ्या इमानदारीने खाल्ल्या, केशरी लघवी केली आणि आणखी वाळलो. मग नागपूरच्या एका पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं की यात जंतूबिंतू काही नाही, शरीराची स्वतःची फौजच तुमच्या आतड्यावर चालून गेली आहे. मी जबलपूरचा, छावणीच्या गावचा, त्यामुळे फौज म्हटल्यावर मला लगेच समजलं. पण तोवर आतडं सुजून सुजून इतकं अरुंद झालं होतं की वरणाचं पाणीसुद्धा तिथे अडून बसायचं. कापण्यावाचून इलाज उरला नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. (हे वाक्य तिला वाचून दाखवलं तर ती म्हणेल, तुझ्यामुळे. तिचंच बरोबर आहे, पण लिहून मी राहिलोय.) वडील लवकर गेले आणि त्यांच्या जागी फॅक्टरीत अनुकंपेवर आईला घेतलं. तिला टाकलं इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये. तीस वर्षं ती हातात गेज घेऊन तयार माल तपासत होती. गेज म्हणजे मापाचं पोलादी साधन. तुकडा त्यात बरोबर बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. 'जवळजवळ बसतो' हा प्रकार तिला ठाऊक नाही. आमच्या भागातल्या, घमापूरच्या बाजारात ती भेंडी घ्यायला उभी राहिली की भाजीवाला स्वतःच वाकड्या भेंड्या बाजूला काढून ठेवतो. सून पास झाली, तेही दुसऱ्या वर्षी. मी अजून दुरुस्तीला परत पाठवलेल्या मालात आहे.

ऑपरेशनच्या आधी मी अंथरुणाला खिळलेला असताना ती एकटीच ऑटो करून ग्वारीघाटला गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि नर्मदामैयाला नवस बोलली. हा बरा झाला की कढई करीन, आणि तोवर एकच वेळ जेवीन. कढई म्हणजे घाटावरच चूल पेटवून कढईभर शिरा करायचा, मैयाला नैवेद्य दाखवायचा आणि समोर येईल त्याला द्रोणात वाढायचा. आमच्याकडे नोकरी, लग्न, घराचा प्लॉट, सगळ्याची कढई होते, आजारपणाची तर होतेच. इथपर्यंत कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण बाई पडली इन्स्पेक्शनची. बरा झाला म्हणजे नेमकं काय, याचंही माप तिने पाण्यात उभ्याउभ्याच ठरवून टाकलं. ज्या दिवशी याच्या गोळ्या बंद होतील, त्या दिवशी हा बरा.

ऑपरेशन छान झालं. टाके काढताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि आतडं कसं जोडलंय ते दोन बोटांची टोकं जुळवून दाखवलं. आजार त्या तुकड्यात नव्हता, तुमच्यात आहे, ते म्हणाले. तुकडा गेला, तुम्ही आहात. हा परत येऊ शकतो, आणि आला तर बहुधा जिथे जोडलंय तिथेच येतो. आधी गुपचूप येतो, दुखायला लागतो मागाहून. म्हणून गोळी रोज घ्यायची, आणि सहा महिन्यांनी काही त्रास नसला तरी दुर्बिणीने आत बघायचं. पुन्हा कापायची वेळ आली तर आणखी आतडं जाईल, आणि आतडं काही दुकानात मिळत नाही. मी विचारलं, गोळी किती दिवस? ते म्हणाले, दिवसांत मोजू नका.

मी खुशीत होतो. पोट दुखत नव्हतं, भूक लागत होती. जबलपूरला परतल्यावर दोन महिन्यांत मी वरणभातावरून पोळीवर आणि पोळीवरून खोव्याच्या जलेबीवर आलो. रोज सकाळी चहानंतर एक गोळी घ्यायची, एवढंच काय ते आजारपण उरलं होतं. आणि त्या एका गोळीपायी समोर बसलेली माझी बहात्तर वर्षांची आई रात्री फक्त पाणी पिऊन झोपायची.

मी तिला समजावलं. बायकोने समजावलं. नागपूरच्या मावशीने फोनवर समजावलं. तुझा मुलगा बकासुरासारखा खाऊन राहिला, आणखी काय बरं व्हायचं असतं, असं मावशी म्हणाली. आईचं एकच उत्तर. गोळी चालू आहे ना? मग झालं. मैयाला शब्द दिलाय. मी म्हटलं, अगं, ही गोळी आजार परत येऊ नये म्हणून आहे. त्यावर ती म्हणाली, येऊ नये म्हणून गोळी लागते म्हणजे तो कुठेतरी उभाच आहे. डॉक्टर तरी दुसरं काय म्हणाले होते?

मार्चमध्ये एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी तिचं वजन केलं आणि आमच्याकडे असं बघितलं की जणू सून आणि मुलगा मिळून म्हातारीला उपाशी ठेवतात. दोन्ही वेळ जेवा, त्यांनी बजावलं. ती हो म्हणाली, घरी आली आणि रात्री प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन पाणी पिऊन झोपली.

आठवड्याभराने मी सकाळी चहा पिता पिता, पेपरातून डोकं न काढता सांगितलं की डॉक्टरांचा फोन आला होता, गोळी बंद करायला सांगितलंय. आईला सांगितलं, बायकोलाही तेच सांगितलं. असल्या कामात साक्षीदार ठेवू नये. आईने दोनदा विचारलं, एकदम बंद? कायमची? मी म्हटलं, कायमची. ती उठली, देवापाशी गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, हेही कबूल करतो. एका गोळीत आईचं रात्रीचं जेवण परत मिळवलं, असा हिशेब मी मनाशी केला होता. पोटात तर काही दुखत नव्हतं.

कढई झकास झाली. आमच्या मराठी मंडळातली दहा-बारा माणसं, शेजारच्या भाभी, बायको शिकवते त्या शाळेतल्या दोन टीचर. घाटावर चूल पेटली, रवा खमंग भाजला गेला, तुपाच्या वासाने दोन नावाडी आणि एक फुलवाली न बोलावता आले आणि त्यांना आग्रहाने वाढलं, कारण कढईचा नियमच तो. आईने प्लास्टरच्या हाताने पहिला द्रोण मैयाला सोडला. आमचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं म्हणायचं, फक्त आमच्याकडे ते नर्मदेत न्हातं. त्या रात्री आई जेवली. पोळी, भाजी, वर थोडा दहीभात. मी समोर बसून तिचा एकेक घास बघत होतो.

सहा महिन्यांची दुर्बीण मी पुढे ढकलली. मग आणखी ढकलली. ज्याला काही दुखत नाही तो माणूस चोवीस तास आधीपासून जुलाबाचं औषध पिऊन नागपूरला का जाईल? शेवटी बायकोनेच डॉक्टरांना फोन लावला, तारीख घेतली आणि मला घेऊन गेली. आईला सांगितलं, ऑफिसच्या कामाने जातोय आणि सूनबाई खरेदीला सोबत येते. मी रेल्वेच्या ऑफिसात असल्यामुळे प्रवासाबद्दल आमच्या घरी कुणी फार चौकशी करत नाही. नागपुरात लॉजवर उतरलो. ते औषध दोन लिटर पाण्यातून प्यायचं असतं आणि त्याची चव मीठ टाकलेल्या लिंबू सरबतासारखी असते, पण कुण्या वैऱ्याने केलेल्या. त्या रात्री लॉजच्या बाथरूमच्या दारामागचे नियम मी इतक्या वेळा वाचले की आजही मी ते घडाघडा म्हणून दाखवू शकतो.

दुर्बिणीत जोडाजवळ व्रण दिसले. एक-दोन नाही, बरेच. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवले, गुलाबी आतड्यावर पांढरट खड्डे. मग त्यांनी फाईल मिटली आणि विचारलं, गोळी नियमित घेताय ना? बायको आश्चर्याने म्हणाली, डॉक्टर, गोळी तर तुम्हीच बंद केली. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं, नर्सने तर आधीच बघायला सुरुवात केली होती. मी सगळं सांगितलं. नवस, एकवेळ जेवण, मोडलेलं मनगट. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांना बहुधा असली माणसं रोज भेटत असावीत. ते एवढंच म्हणाले की आईला जेवू घालायला आतडं द्यायची गरज नव्हती, मला एक फोन केला असता तरी चाललं असतं.

बायको मात्र रागावली. परतीच्या गाडीत ती इटारसी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग बोलली ती जबलपूरपर्यंत. मी आजारी पडल्याचं तिला दुःख नव्हतं, मी तिच्याशी खोटं बोललो याचं होतं, आणि ते खोटं तिच्या हातच्या चहाबरोबर बोललो याचं जास्त होतं. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं की आईला सांगायचं नाही. मनगट जुळलंय, अंगावर थोडं मांस चढलंय, आता हे कळलं तर ती त्याच दिवशी रात्रीचं ताट उलटं ठेवेल, आणि या वेळी पडली तर मनगटावर भागणार नाही. बायकोने गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या. रोज एक गोळी डब्यात लोणच्याच्या छोट्या डबीशेजारी यायची आणि ऑफिसात जेवणानंतर पोटात जायची. डबा आईच्या इन्स्पेक्शनच्या हद्दीत येत नव्हता.

घात केला रक्ताने. ही गोळी चालू असली की रक्त तपासत राहावं लागतं, आधी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. पहिल्याच वेळी कोपराच्या खळगीत चिकटवलेला कापूस काढायचा मी विसरलो आणि बनियनवर आईसमोर बसलो. तिने विचारलं, हे काय? माझ्या तोंडून निघून गेलं, रक्तदान केलं.

तिचा चेहरा असा फुलला की मला मागे फिरता आलं नाही. ज्याच्या अंगात वर्षभरापूर्वी रक्त नव्हतं तो आज दुसऱ्याला रक्त देऊन राहिला, हे तिने त्याच संध्याकाळी शेजारच्या भाभींना सांगितलं. पंधरा दिवसांनी पुन्हा कापूस दिसला, तेव्हा मात्र गेज बाहेर आलं. तीन महिन्यांशिवाय रक्त घेत नाहीत, ती म्हणाली. मी म्हटलं, ते रक्ताचं, मी आता प्लेटलेट देतो, त्या लवकर लवकर देता येतात. हे खरं आहे, कुणालाही विचारा. एक खोटं झाकायला सात खोटी लागतात म्हणतात. माझं दोनातच भागलं, कारण दुसऱ्यात निम्मं खरं होतं.

पुढच्या नऊ-दहा महिन्यांत मी घमापुरातला सर्वांत उदार माणूस झालो. देवळात पुजारी मला ओळखू लागला. भाभी माझ्यासाठी बीट पाठवू लागल्या. आणि गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळाने, मला न विचारता, पण माझ्या आईला विचारून, माझा सत्कार ठेवला. मी ताप आल्याचं सांगून बघितलं, पण थर्मामीटर आईच्या हातात होता. स्टेजवर अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले की ज्यांनी मरणाच्या दारातून परत येऊन इतरांना जीवन दिलं असे आमचे बंधू. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत आई रडत होती. तिच्या शेजारी बायको पदर तोंडाला लावून बसली होती, आणि ती रडत नव्हती हे मला वरूनही दिसत होतं.

विसर्जनानंतर दहा-बारा दिवसांनी शेजारच्या भाभींच्या मिस्टरांना डेंग्यू झाला. जबलपुरात पाऊस ओसरला की डेंग्यू घरोघरी हजेरी लावतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या प्लेटलेट इतक्या उतरल्या की हॉस्पिटलने दाता आणायला सांगितलं. दुपारी भाभी धावत आमच्याकडेच आल्या. दुसरीकडे जायचं कारणच काय? रक्तगट जुळत होता, मी घरी होतो, आणि माझी शाल अजून कपाटावर होती. "भैया, आप तो हमेशा देते हैं," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आतच आईने माझी चप्पल दारापाशी सरळ करून ठेवली. चल, आवर, ऑटो मी थांबवते, असं ती म्हणत होती.

मी आयुष्यात बरीच खोटी बोललो आहे, पण तेव्हा एकही आठवेना. हॉस्पिटलात गेलो असतो तर गोळीचं नाव ऐकूनच त्यांनी परत पाठवलं असतं, आणि तोवर तास-दीड तास गेला असता. तो वेळ माझा नव्हता, तिकडे वॉर्डात पडलेल्या माणसाचा होता. मी भाभींना म्हटलं, मी देऊ शकत नाही, मला रक्त द्यायची परवानगीच नाही, मी एकदाही दिलेलं नाही. त्यांना ते कळेचना. बायकोने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं आणि मंडळातल्या लोकांना फोन लावायला बसली. ज्यांनी मला शाल घातली होती त्याच अध्यक्षांचा मुलगा आणि त्याचा एक मित्र अर्ध्या तासात पोचले. भाभींचे मिस्टर वाचले, आता रोज सकाळी आमच्या गेटसमोरून फिरायला जातात, आणि मला बघून मनापासून हसतात. त्यांच्या हसण्याचा मला अजून त्रास होतो.

घरात आई आणि मी दोघंच उरलो. ती माझी चप्पल पायाने बाजूला सारून खुर्चीवर बसली.

"काहून नाही देता येत?"

मी सांगितलं. आजार परत आलाय, गोळी चालू आहे, कापूस तपासणीचा होता.

"परत काहून आला?"

मी म्हटलं, येतो कधीकधी. तिने माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं ज्या नजरेने तिने माल रिजेक्ट केला त्या नजरेने. मग एकेक प्रश्न आला. गोळी मधे बंद केली होती का, डॉक्टरांनी सांगितलं होतं का, कोणत्या दिवशी बंद केली, पुन्हा कधी सुरू केली. मी उत्तरं देत गेलो. मधे किती महिने गेले ते तिने बोटांवर मोजलं, आणि मग ती बोटं तशीच मांडीवर ठेवून बसली.

"म्हणजे ते आठ महिने मी रात्री पोळ्या नाही खाल्ल्या," ती म्हणाली. "तुझ्या गोळ्या खाल्ल्या."

मी असं नाही, तसं नाही, असं काहीतरी बोलू लागलो. ती उठून आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि आम्हा दोघांनाही तिला जेव म्हणायचा धीर झाला नाही. ज्याची भीती होती तेच झालं, असं मला वाटलं. मी अंथरुणावर पडून स्वतःवर चिडत होतो, तिच्यावर चिडत होतो, आणि खरं सांगायचं तर मैयावरही. एवढी मोठी नदी, तिला एका म्हातारीच्या दोन पोळ्या काय करायच्या होत्या?

सकाळी ती आंघोळ करून तयार होती. ग्वारीघाटला चल, म्हणाली. घाटावर नेहमीची गर्दी होती. पंडे भाविकांना संकल्प सांगत होते, फुलवाली दिव्यांचे द्रोण लावत होती. तिने मला ओळखलं आणि विचारलं, भैया, फिर से कढाई है क्या? मी नाही म्हटलं. आई पाण्यात उतरली. मी वरच्या पायरीवर उभा होतो. तिचे ओठ बराच वेळ हलत होते, मधे एकदा तिने हात वर करून माझ्याकडे बोट दाखवलं, बहुधा तक्रार करताना. पाण्यातून बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि लुगड्याचे काठ पिळू लागली.

"मैयाला सांगून आली," ती म्हणाली. "माल चुकीचा नव्हता, गेजच चुकीचं लावून राहिली होती मी. आता नवा शब्द दिलाय. तू गोळी घेशील तेव्हा मी जेवीन. तुझी चुकली, की त्या दिवशी माझा उपास."

मी म्हटलं, हा तर सरळ सरळ दम आहे. ती म्हणाली, हो.

त्या दिवसापासून गोळी डब्यातून ताटावर आली. संध्याकाळी साडेसातला आई ताट वाढून घेते, हात मांडीवर ठेवते आणि माझी वाट बघते. मी गोळी तोंडात टाकून पाणी पितो. मग ती म्हणते, आ कर, आणि मी छप्पन लोकांच्या ऑफिसात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क असलेला माणूस तिच्यासमोर आ करतो. जीभ वर, जीभ खाली. पास झालो की ती पहिला घास घेते. एकदा मला ऑफिसातून यायला उशीर झाला, तर ती वरणावर साय धरेपर्यंत तशीच बसून होती. मी तिला म्हटलं, तू जेवून घ्यायचं होतंस, मी घेणारच होतो. त्यावर तिने मला एवढंच विचारलं की तुझ्या 'घेणारच होतो'ला कुठल्या गेजमध्ये बसवू. पाच महिन्यांत मी एकही गोळी चुकवली नाही. शाळेत मी इतका नियमित असतो तर आज कुठल्या कुठे असतो.

मग पुन्हा दुर्बिणीची तारीख आली. या वेळी आईला सांगून गेलो. जाताना तिने मैयाचं पाणी माझ्या कपाळाला लावलं आणि विचारलं, आता भरले असतील ना खड्डे? मी म्हटलं, भरलेच असणार, पाच महिने तुझा पहारा आहे.

भरले नव्हते. थोडे वाढलेच होते. डॉक्टर म्हणाले, तुमची चूक नाही, काहींना एकट्या गोळीने भागत नाही. आता गोळीच्या जोडीला इंजेक्शनं सुरू करू, लगेच करू, म्हणजे आतडं वाचवायला अजून वेळ आहे. मी विचारलं, आणि नाही वाचलं तर? ते म्हणाले, तर पुन्हा कापावं लागेल, पण आज ते बोलायचं कारण नाही.

परतीच्या गाडीत मी खोटं तयार करत होतो. सवय लवकर सुटत नाही. सगळं ठीक आहे, हे पहिलं. थोडं बाकी आहे, हे दुसरं. डॉक्टर सुट्टीवर होते, हेही करून बघितलं. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती एकदाच बोलली. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, ती म्हणाली, पण या वेळी माझ्या हातचा चहा मधे आणू नका.

घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. आई ताट वाढून बसलेली. वरण, दोन पोळ्या, मेथीची भाजी. मी हातपाय धुऊन तिच्या समोर बसलो आणि माझ्याकडे ती बघते आहे तोवरच सांगून टाकलं. भरले नाहीत. वाढलेत. गोळी एकटी पुरत नाही, आता इंजेक्शनं घ्यावी लागतील. कदाचित पुन्हा कापावं लागेल.

तिचे हात मांडीवरच होते. मला वाटलं, आता ताट सरकवेल. तिला मी ओळखतो. संकट आलं की ती पहिल्यांदा अन्नच सोडते, माझे वडील गेले तेव्हाही तिने तेच केलं होतं.

"गोळी?" तिने विचारलं.

बायकोने गोळी दिली. मी घेतली, पाणी प्यालो, आ केला. आईने नीट बघितलं. जीभ वर, जीभ खाली. मग तिने पोळीचा तुकडा मोडला. भाजी दोनदा ताटात पडली. तिने ती पुन्हा उचलली, तोंडात घातली आणि चावू लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही, कारण एक हात खरकटा होता आणि दुसऱ्याने तिने माझं मनगट धरलं होतं. तरी ती एकामागून एक घास घेत होती. दोन्ही पोळ्या संपवल्या. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाली, भात वाढ थोडा, आणि मी वाढला.